स्ट्रोक इम्पॅक्ट स्केल
स्ट्रोक इम्पॅक्ट स्केल ही पक्षाघातानंतर दैनंदिन जीवनावर झालेला परिणाम रुग्णाच्याच उत्तरांवरून मोजणारी प्रश्नावली आहे. पॅमेला डंकन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती अमेरिकेत विकसित केली. तिच्याविषयीचा पहिला शोधनिबंध १९९९ मध्ये, तर सुधारित ३.० आवृत्ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

पार्श्वभूमी
पुनर्वसनातील प्रगती मोजण्यासाठी १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. त्यात जेवणे, आंघोळ, चालणे, जिना चढणे अशा १० बाबी असून कमाल गुण १०० असतात. मात्र पूर्ण गुण मिळालेली व्यक्ती एकटी राहू शकेलच असे नाही, हे त्याच्या निर्मात्यांनीच नमूद केले होते. सौम्य पक्षाघातात हे गुण लवकर पूर्ण होतात. विसराळूपणा, खिन्नता किंवा शब्द न सुचणे मात्र त्यांत दिसत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी नव्या प्रश्नावलीची रचना करताना रुग्ण व त्यांची काळजी घेणाऱ्यांचे अनुभव विचारात घेण्यात आले.

रचना
३.० आवृत्तीत ५९ प्रश्न असून ते आठ क्षेत्रांत विभागलेले आहेत: शक्ती, स्मृती व विचार, भावना, संवाद, दैनंदिन कामे, हालचाल, हाताचे कार्य आणि सामाजिक सहभाग. शक्तीविषयीचे प्रश्न मागील एका आठवड्याबद्दल, तर सहभागाविषयीचे मागील चार आठवड्यांबद्दल असतात. शेवटी रुग्ण स्वतःची एकूण सुधारणा ० ते १०० या पट्टीवर दर्शवतो.

गुणांकन
प्रत्येक उत्तराला १ ते ५ गुण असतात. क्षेत्राच्या सरासरीतून १ वजा करून, ४ ने भागून १०० ने गुणले जाते. उदाहरणार्थ, हाताच्या पाच प्रश्नांना ३, ३, २, २ व १ गुण मिळाल्यास सरासरी २.२ येते आणि क्षेत्राचे गुण ३० होतात. भावनांविषयीच्या काही प्रश्नांचे गुण उलट क्रमाने धरले जातात. गुण जितके अधिक, तितकी अडचण कमी.

मर्यादा
वाचाघात किंवा तीव्र स्मृतिदोष असलेल्या रुग्णांना प्रश्नावली भरणे कठीण जाते. काही रुग्णांना आपल्या दुर्बलतेची जाणीवच नसते. अशा वेळी निकटवर्तीयाकडून उत्तरे घेता येतात. परंतु निकटवर्तीय रुग्णापेक्षा अधिक तीव्र अडचणी नोंदवतात, असे आढळले आहे. त्यामुळे पहिल्या वेळी रुग्णाने आणि दुसऱ्या वेळी नातेवाइकाने उत्तरे दिली, तर गुणांतील घट ही प्रकृतीतील घट ठरत नाही. उत्तर कोणी दिले, याची नोंद म्हणूनच आवश्यक असते.

भाषांतरातही काळजी घ्यावी लागते. मूळ प्रश्नांत बुटाची नाडी बांधणे आणि डाइम हे छोटे अमेरिकी नाणे उचलणे यांचा समावेश आहे. जिथे प्रामुख्याने चपला वापरल्या जातात, तिथे नाडीच्या प्रश्नातून बोटांच्या कौशल्याचा पुरेसा अंदाज येईलच असे नाही.

स्वयंकथित गुण प्रत्यक्ष तपासणीची जागा घेत नाहीत. तपासणीतून रुग्णाची क्षमता दिसते, तर त्या क्षमतेचा घरी किती उपयोग होतो हे प्रश्नावलीतून कळते. दोहोंत तफावत आढळल्यास तिचे कारण शोधणे उपचारांच्या नियोजनासाठी उपयुक्त ठरते.