मूलपेशींची आशा : प्रयोगशाळेतली आणि जाहिरातीतली

घरातील वडीलधाऱ्या माणसाला कंपवात जडला, गुडघे झिजले किंवा नजर मंदावू लागली, की आप्तेष्ट सल्ले घेऊन येतात. अलीकडे त्यांत एका सल्ल्याची भर पडली आहे. कोणीतरी मोबाइलवर जाहिरात दाखवतो : ‘मूलपेशींचे इंजेक्शन घ्या, झिजलेला अवयव पुन्हा तरुण करा.’ स्टेम सेल हे नाव आपण वर्तमानपत्रांत वाचलेले असते, त्याला नोबेल पारितोषिक मिळाल्याचेही ऐकलेले असते. त्यामुळे मन डळमळते आणि आयुष्यभराची ठेव मोडावी काय, हा प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर देण्यापूर्वी हे संशोधन नेमके कोठवर आले आहे, ते पाहू.

मागे फिरणारी पेशी

आपले सारे शरीर एका फलित पेशीपासून घडते. त्वचेची पेशी आणि मेंदूची पेशी यांच्यात जनुकांचा संच बहुतांशी एकच असतो; फरक पडतो तो त्यांतील कोणती जनुके जागी आहेत आणि कोणती निद्रिस्त, यामुळे. एकदा त्वचेची झालेली पेशी कायमची त्वचेचीच राहते, अशी पूर्वी समजूत होती. १९६२ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिलाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक काढून, मूळ केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यात घातले. अशा काही अंड्यांतून पिले जन्मली. आतड्याच्या पेशीनेही संपूर्ण देह घडविण्याची माहिती जपून ठेवली होती, हे त्यातून सिद्ध झाले.

२००६ मध्ये जपानच्या क्योटो विद्यापीठातील शिन्या यामानाका यांनी उंदराच्या त्वचेतील पेशींत केवळ चार जनुके घालून त्यांना जवळजवळ भ्रूणावस्थेत परत नेले. पुढच्याच वर्षी मानवी पेशींबाबतही हे साधले. अशा पेशींपासून हृदयाची, डोळ्याची वा मेंदूची पेशी घडविता येते. २०१२ चे नोबेल पारितोषिक या दोघांना विभागून मिळाले.

सावध पावले

सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधील कोबे येथे नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशी यांच्या चमूने अशा पेशींचा माणसावर प्रथमच उपयोग केला. सत्तरी ओलांडलेल्या एका महिलेच्या दृष्टिपटलाचा मध्यभाग वार्धक्यामुळे झिजला होता. तिच्याच त्वचेपासून घडविलेल्या पेशींचा पातळ थर एका डोळ्यात बसविण्यात आला. वर्षभराने तो थर टिकून होता आणि गाठही झाली नव्हती. दृष्टी मात्र फारशी सुधारली नाही. ती आणखी खालावली नाही, एवढेच. दुसऱ्या रुग्णासाठी तयार केलेल्या पेशींत जनुकीय बदल आढळले, तेव्हा संशोधकांनी ते रोपण केलेच नाही. वाचकहो, हे थांबणेही या संशोधनाचा महत्त्वाचा भाग आहे. कारण जी पेशी वेगाने वाढू शकते, ती भलत्या दिशेनेही वाढू शकते.

क्योटो येथे २०१८ पासून कंपवाताच्या रुग्णांवर चाचणी झाली. ५० ते ६९ वयाच्या सात रुग्णांच्या मेंदूत डोपामिन निर्माण करू शकणाऱ्या पेशी सोडण्यात आल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गंभीर दुष्परिणाम आढळले नाहीत आणि परिणामकारकता तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचालींत सुधारणा दिसली. ही वार्ता आशादायक खरीच. परंतु सात जणांवरून सर्वांसाठी निष्कर्ष काढता येत नाही.

घाईची किंमत

आता याची दुसरी बाजू पाहा. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ७२ ते ८८ वयाच्या तीन महिलांनी प्रत्येकी ५,००० डॉलर मोजून आपल्याच चरबीतून काढलेल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतल्या, त्याही एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत. तिघींचीही दृष्टी अत्यंत खालावली. २०१७ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात ही हकिकत प्रसिद्ध झाली. उपचारापूर्वी त्यांना मंद का होईना, पण दिसत होते. चरबीतील पेशी डोळ्यात गेली म्हणून ती दृष्टिपटलाची पेशी होत नाही, हा साधा नियम त्यांना कोणी सांगितला नव्हता.

आपण काय विचारावे?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा प्रस्थापित उपचार म्हणजे रक्त घडविणाऱ्या पेशींचे रोपण. तेही रक्ताचे कर्करोग, थॅलेसेमिया अशा ठराविक विकारांत. अन्य आजारांसाठी मूलपेशींचा वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच करावा, असे ही तत्त्वे सांगतात. म्हणून होकार देण्यापूर्वी हे प्रश्न अवश्य विचारा :

१. ही चाचणी भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत नोंदलेली आहे काय? नोंदणी क्रमांक कोणता?

२. नैतिकता समितीची मंजुरी आहे काय? संमतिपत्र आम्हांला समजणाऱ्या भाषेत मिळेल काय?

३. प्रयोगावस्थेतील उपचारासाठी आमच्याकडून पैसे का मागितले जात आहेत?

४. पेशी कोठून घेणार, कोठे सोडणार, आणि पूर्वीच्या रुग्णांचे निष्कर्ष कोठे प्रसिद्ध झाले आहेत?

५. अपाय झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार?

उत्तरे टाळली जात असतील किंवा ‘आजच नाव नोंदवा’ असा आग्रह होत असेल, तर तेथून परत या. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारल्यावाचून चालू औषधे, व्यायाम आणि डोळ्यांची तपासणी थांबवू नका.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ‘आम्ही सर्व उपाय केले नाहीत’ ही टोचणी अशा वेळी मनाला लागते. परंतु आई-वडिलांना असिद्ध प्रयोगापासून दूर ठेवणे, ही त्यांच्या सेवेतील कसूर नव्हे. कोबेच्या संशोधकांना आपल्या रुग्णाची काळजी होती, म्हणूनच ते थांबले. आपणही त्याच काळजीपोटी ‘तूर्त नको’ म्हणू शकता.