राबणाऱ्या बाईला योग कशाला?



इस्लामपूरजवळच्या एका गावात बचत गटाची बैठक होती. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या आणि अध्यक्षताईंनी मला योगाविषयी चार शब्द बोलायला सांगितलं. मी तोंड उघडते न उघडते तोच मागं बसलेल्या एक आक्का म्हणाल्या, "बाई, पहाटं उठून धारा काढतोय, भाकरी थापतोय, दिवसभर उसात भांगलतोय. अजून किती वाकू म्हणता?"

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण प्रश्न खरा होता. आज त्याचंच उत्तर देते.

आपण दिवसभरात जी कामं करतो, ती जरा आठवून बघा. झाडणं, सारवणं, धार काढणं, भाकरी थापणं, उसाची कांडी लावणं, भांगलणं, गवताचा भारा बांधणं. या सगळ्या कामांत शरीर एकाच दिशेला जातं, पुढं. पाठ वाकलेली, खांदे पुढं आलेले, मान खाली. मागं वळणं, हात सरळ वर ताणणं, छाती उघडणं हे दिवसातून किती वेळा होतं? वाळत घातलेली साडी काढताना, बस्स. वरून वजन उचलताना आपण श्वास रोखून धरतो. म्हणजे काही स्नायू दिवसभर राबतात आणि काही वर्षानुवर्षं आळसावतात. मग चाळिशीतच कंबर धरते, मानेतून हाताला कळ जाते.

म्हणून कष्ट आणि व्यायाम एक नव्हेत. कष्टात काम सांगतं आणि शरीर ऐकतं. किती वाकायचं, किती वेळ, कुठल्या हातानं, हे उसाची सरी ठरवते. आसन करताना मात्र आपण थांबतो, शरीर काय म्हणतंय ते ऐकतो आणि दिवसभर जे झालं नाही ते त्याला देतो. आक्कांना मी हेच म्हणाले, "तुम्हाला आणखी वाकायचं नाही. सरळ व्हायचं आहे."

कुणाला वाटेल, हे शहरातलं खूळ आहे. तसं नाही. सूर्यनमस्काराचा मोठा प्रसार आपल्याच भागातून झाला. खटाव तालुक्यातलं औंध आपल्याला यमाईमुळं ठाऊक आहे. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी १९०९ ते १९४७ गादीवर होते. आपल्या सांगली जिल्ह्यातलं कुंडल आणि आटपाडी हेही त्यांच्याच संस्थानात होतं. तरुणपणी भवानराव सँडो नावाच्या परदेशी पैलवानाच्या पद्धतीनं, उपकरणं घेऊन व्यायाम करत. पुढं मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्काराकडं वळले आणि मग ते त्यांनी सोडलेच नाहीत. संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार सुरू केले. बायकांनीही ते घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९३८ साली त्यांचं सूर्यनमस्कारावरचं पुस्तक थेट लंडनमधून निघालं. त्यांच्या नमस्कारात दहा अवस्था होत्या. आज बहुतेक ठिकाणी बारा शिकवतात.

मला या राजांची आणखी एक गोष्ट आवडते. ते चित्रं काढत आणि कीर्तन करत. रामायणावरच्या त्यांच्या चित्रांचं पुस्तक १९१६ साली छापलं गेलं. औंधचं संग्रहालयही त्यांनीच उभारलं. कधी यमाईला गेलात तर ते जरूर बघा. सकाळी नमस्कार घालणारा माणूस दिवसा कुंचला हातात घेत होता. शरीराला शिस्त लावली म्हणून मन कोरडं पडलं असं झालं नाही.

आता माझी एक चूक सांगते. राजेसाहेब रोज शेकड्यांनी नमस्कार घालत, हे मी कुठंतरी वाचलेलं. वर्ग सुरू केला तेव्हा मीही आकड्यांच्याच मागं लागले. आज बारा, पुढच्या आठवड्यात चोवीस, २१ जूनच्या योग दिनाला एक्कावन्न. मोठ्यानं मोजायचं आणि जिला जमेल तिचं कौतुक करायचं. एक बाई तीन दिवस आल्या आणि यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, आळस असेल. महिन्याभरानं गिरणीत दळप घेऊन उभ्या दिसल्या. विचारलं तर आधी काही बोलेनात. मग हळूच म्हणाल्या, "ताई, मला चारसुद्धा होत नव्हते. घरात रोज ऐकतीच की, तुला काय जमत नाही. तिथं आणि ते ऐकायला कशाला येऊ?"

त्या दिवशी मी घरी आले ती गप्प होऊन. ज्या बाईला स्वतःसाठी दिवसात अर्धा तास मिळतो, तो अर्धा तासही मी तिला परीक्षेचा करून टाकला होता. मी आकडे मोजत होते, माणसं बघत नव्हते.

तेव्हा मला पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींची आठवण झाली. ते १९३७ साली पुण्यात शिकवायला आले आणि पुढं जगभर पोचले. ज्याचा हात जमिनीला टेकत नाही त्याच्या हाताखाली त्यांनी लाकडी वीट ठेवली. कुणाला पट्टा दिला, कुणाला खुर्ची, कुणाला भिंतीचा दोर. आसन माणसासाठी असतं, त्यात बसवायला माणसाला मोडायचं नसतं. त्यांच्या कन्या गीता अय्यंगार लहानपणी मूत्रपिंडाच्या आजारानं फार खचल्या होत्या. योगानं त्या उभ्या राहिल्या आणि बायकांच्या शरीराचा वेगळा विचार करून त्यांनी खास बायकांसाठी पुस्तक लिहिलं.

आता आपल्याकडं खेड्यात लाकडी विटा आणि पट्टे कुठून आणायचे? मी त्या बाईंच्या घरी गेले आणि म्हणाले, "तुम्हाला जे जमतं तेवढंच करू. काय काय आहे घरात?" भिंत होती. पाट होता. खाट होती. जुनी सुती साडी होती, ती पट्ट्यासारखी पायाला अडकवता आली. पाठीखाली घ्यायला लोड नव्हता. आठ दिवसांनी गेले तर त्यांनी जुन्या लुगड्याचा लोड शिवून ठेवलेला, आत चिंध्या भरून. वरून गोधडीसारखा धावदोरा घातलेला, लाल काठ दोन्ही टोकांना बरोबर आणलेला. म्हणाल्या, "लग्नाआधी गोधड्या शिवत होते. मग सुईच हातात घेतली नव्हती." आज वर्गात तसे नऊ लोड आहेत आणि एकासारखा दुसरा नाही.

योगानं कला येते असं मी म्हणणार नाही. कला त्यांच्या हातात होतीच. पण दिवसात दहा मिनिटं कुणाची हाक न ऐकता बसलं की आपल्याला काय येत होतं, काय आवडत होतं, ते आठवायला जागा मिळते. रांगोळी, गोधडी, ओव्या, परसातली फुलझाडं, ही आपली रोजची कलाच आहे. ती घाईत मरते.

आता घरी करण्याजोगं सांगते. पोट रिकामं हवं, जेवणानंतर तीन तास तरी जाऊ द्या.

पहिलं. भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकून उभ्या राहा. डोकं टेकत नसेल तर ओढू नका. श्वास घेत हात वर, सोडत खाली. पाच वेळा.

दुसरं. भिंतीकडं तोंड करा. कमरेच्या उंचीवर हात टेकवा आणि पाठ सपाट होईपर्यंत मागं पावलं टाका. गुडघे थोडे वाकले तरी चालेल. पाच संथ श्वास.

तिसरं. पालथ्या झोपा, कोपरं खांद्यांखाली ठेवा आणि छाती हलकेच वर उचला. तीन श्वास घ्या आणि खाली या. दोनदा करा. दिवसभराच्या वाकण्याला हा उलटा उतारा आहे.

चौथं. उताण्या झोपून पोटऱ्या खाटेवर ठेवा, हात पोटावर. श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. असा लांब सोडलेला श्वास हृदयाची धडधड संथ करतो, म्हणून मन निवतं. तीन मिनिटं पुरे.

दुखलं की थांबायचं, हा एकच नियम. गरोदर बाईनं पालथं झोपायचं नाही आणि काहीही करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. रक्तदाब, चक्कर, मणक्याचा त्रास, नुकतंच झालेलं ऑपरेशन असेल तरीही आधी विचारा. आणि एक गोष्ट आपण लाजेनं लपवतो: अंग बाहेर येणं. जड उचलून, बाळंतपणं होऊन हा त्रास पुष्कळ जणींना होतो. त्यावर उपचार आहेत. आशाताईंना सांगा, दवाखान्यात दाखवा. आसनांच्या भरवशावर दुखणं अंगावर काढू नका.

राहिला वेळेचा प्रश्न. घरात एकटीनं वेळ मागितला की "रिकामटेकडी" म्हणतात. म्हणून गटानं ठरवा. हप्त्याच्या बैठकीला दहा मिनिटं आधी जमायचं आणि ही चार आसनं करूनच वही उघडायची. पैशाची बचत आपण एकमेकींच्या आधारानं शिकलो, हीसुद्धा तशीच शिकू. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं.

त्या आक्का आता दर बैठकीला येतात. नमस्कार घालत नाहीत. भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात आणि हात वर नेतात. परवा म्हणाल्या, "बाई, डोस्कं टेकलं बघा भिंतीला."

तुमचं टेकतं का, आज बघा. आणि पुढच्या बैठकीत एकमेकींना सांगा.