चावीच्या घड्याळाची पारख

रायपूरच्या सदर बाजारात दागिना घेताना गिऱ्हाईक वजन आणि घडणावळ दोन्ही विचारतं. लाखाचं यांत्रिक घड्याळही तसंच पारखावं.

या घड्याळांशी भारताचं नातं जुनं. फाव्र-लुबा ही स्विस कंपनी १८६५ मध्येच मुंबईत आली. पोलो खेळताना इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा फुटत. त्यातून १९३१ मध्ये तबकडी उलटी फिरवता येणारं ‘रिव्हर्सो’ जन्मलं. केवढी देखणी युक्ती!

जुन्या घड्याळाच्या चकचकीत, नव्याने रंगवलेल्या तबकडीला भुलू नये. संग्राहक तिची किंमत कमीच धरतात. मागचं झाकण उघडवून आतलं यंत्र पाहावं. दुरुस्तीला ते कुठे पाठवावं लागेल, हेही आधीच विचारावं.

सुरुवातीला एचएमटी ‘जनता’ उत्तम: १७ ज्वेलचं, रोज चावी मागणारं.