चढायला दम, उतरायला ताकद

हरिहर किल्ला चढताना माणसं फारशी घाबरत नाहीत. घाबरतात ती उतरताना. चढताना तोंड कातळाकडे असतं, नजर पुढच्या पायरीवर असते आणि हात आपोआप खोबणीत जातो. उतरायची वेळ आली की पाठीमागची सगळी दरी एकदम डोळ्यांसमोर येते. त्र्यंबकेश्वरजवळचा हा किल्ला निरगुडपाडा किंवा हर्षेवाडीहून गाठता येतो. अखंड कातळात कोरलेल्या त्याच्या उभ्या पायऱ्यांना दोन्ही कडांना हात अडकवायला खोबण्या आहेत. १८१८ मध्ये त्र्यंबकगड पडल्यावर आसपासचे किल्ले इंग्रजांच्या हाती आले. तेव्हा इथे आलेल्या कॅप्टन ब्रिग्जलाही या जिन्याच्या उभेपणाचं नवल वाटलं होतं. याच किल्ल्याच्या एका सरळसोट कड्यावर १९८६ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक डग स्कॉट चढून गेला. गिर्यारोहक मंडळी त्याला आजही स्कॉटिश कडा म्हणतात.

आता पावसाळ्यातल्या रविवारी त्या पायऱ्यांवर मुंगीलाही वाट मिळत नाही. वर जाणारे आणि खाली येणारे एकाच जिन्यावर समोरासमोर येतात, आणि मध्येच कुणाचे तरी पाय लटपटायला लागतात. बघणाऱ्यांना ती भीती वाटते. पुष्कळदा भीती असतेच, पण तिच्या जोडीला मांडीचा स्नायू दमलेला असतो. दमलेल्या स्नायूवर मनाचा हुकूम चालत नाही.

चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडत जातो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जाता जाता वजन तोलून धरतो, म्हणजे ब्रेकचं काम करतो. या ताणलेल्या अवस्थेतल्या कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून धाप लागत नाही आणि आपल्याला वाटतं, उतरणं सोपं आहे. प्रत्यक्षात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते ती याच कामात. म्हणूनच रविवारचा ट्रेक सोमवारी फारसा जाणवत नाही आणि मंगळवारी ऑफिसचा जिना उतरताना आई आठवते. हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतं आणि मग ओसरतं. यात एक दिलासा आहे. तोच व्यायाम काही आठवड्यांत पुन्हा केला तर स्नायू खूपच कमी दुखतात, कारण शरीर एका धड्यात बरंच शिकतं. मोठ्या मोहिमेआधी दोन-तीन आठवडे एखादी छोटी टेकडी मुद्दाम उतरून यावी, ती याचसाठी.

आपल्याकडे ट्रेकची तयारी म्हणजे दम वाढवणं, एवढंच समीकरण आहे. नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी फेऱ्या मारल्या, महिनाभर चाललो-पळालो, की झाली तयारी. दम हवाच. पण नाशिकच्या डोंगरांत माणूस अडतो तो बहुतेक वेळा ताकदीपाशी: गुडघ्यात, घोट्यात, पंज्याच्या पकडीत, पाठीत. आणि ताकद नुसती चालून येत नाही.

ही गोष्ट नाशिककराला परकी वाटायचं कारण नाही. अंगमेहनतीची परंपरा इथे डोंगरांइतकीच जुनी आहे. तालमीचं दैवत मारुती, आणि त्याचं जन्मस्थान त्र्यंबकच्या रस्त्यावरचा अंजनेरी, अशी इथली श्रद्धा. (किष्किंधेचाही दावा आहे. २०२२ मध्ये त्यावर नाशिकमध्ये धर्मसभा भरली आणि ती हातघाईवर येता येता राहिली. बलोपासनेचा वाद म्हटल्यावर दुसरं काय व्हायचं!) समर्थ रामदासांनी तपश्चर्येची बारा वर्षं काढली ती टाकळीत, म्हणजे आता शहरात विरून गेलेल्या उपनगरात. ते तिथे रोज बाराशे सूर्यनमस्कार घालत, असं परंपरा सांगते. आकड्यावर वाद घालू नये. नदीकाठी राहणाऱ्या एका तरुण साधकाच्या दिनक्रमात जपाइतकीच जागा व्यायामाला होती, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

त्याहून रंजक कथा मल्लखांबाची आहे. मल्लखांबाचा उल्लेख बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात सापडतो, पण मधल्या काळात ही विद्या मागे पडली होती. ती पुन्हा उभी केली दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी. त्यांचं मूळ गाव निफाड तालुक्यातलं कोठुरे. निजामाच्या राज्यातून अली आणि गुलाब हे दोन नामांकित पहिलवान पेशव्यांच्या दरबारी आले आणि त्यांनी कुस्तीचं आव्हान दिलं. कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते स्वीकारलं, तयारीला मुदत मागितली आणि थेट वणीचा सप्तशृंगी गड गाठला. तिथे देवीपुढे अनुष्ठान करताना मारुतीचा दृष्टान्त झाला, लाकडी खांबावरचे डाव सुचले, आणि परतून त्यांनी अलीला चीत केलं, अशी परंपरेची गोष्ट. दृष्टान्त बाजूला ठेवला तरी कथेचा सांगाडा आजच्या कुठल्याही प्रशिक्षकाला पटेल. प्रतिस्पर्धी अंगानं मोठा आहे, तेव्हा वेळ मागून घ्यायचा, आपल्याला काय कमी पडतं ते ओळखायचं आणि नेमकं तेवढंच घोटवायचं. मल्लखांब स्वतःच्या शरीराचं वजन पेलायला शिकवतो. पकड, खांदे, पोट, मांड्यांची आवळ हे सगळं त्यात एकाच वेळी कामाला लागतं. कातळ चढणाऱ्यालाही हेच लागतं.

पुढचं उदाहरण ताजं आहे. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ लहान वयात वडिलांबरोबर विहिरी खोदायच्या कामावर जात असे. चांदवडचा तो पट्टा दुष्काळी आहे. तिथला मुलगा २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला, पुण्यात वल्हवायला शिकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्यानं सुवर्णपदक मिळवलं. वल्हवणं हातांचं काम आहे असं काठावरून वाटतं. खरा जोर असतो पायांचा. पाय रेटतात, कंबर आणि पाठ तो रेटा पुढे देतात, हात शेवटी येतात. विहिरीतून दगड-माती उपसणाऱ्या शरीराला हा क्रम ठाऊकच होता.

कविता राऊत त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलजवळच्या सावरपाड्याची. नाशिकला भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या हाताखाली ती तयार झाली. २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य तिनं मिळवलं. पुढे ती रिओत मॅरेथॉनही धावली. अशा गोष्टी सांगताना आपण एक सोयीची चूक करतो. पाड्यावरचं कष्टाचं आयुष्य हाच जणू व्यायाम, असं म्हणून मोकळे होतो. कष्टानं शरीर काटक होतं, पण झिजतंही. डोक्यावर हंडे वाहून मान-कंबर धरलेल्या कितीतरी बाया पेठ-सुरगाण्यात दिसतात. दत्तूला आणि कविताला घडवलं ते मोजून-मापून दिलेल्या सरावानं, पुरेशा खाण्यानं आणि विश्रांतीनं. वाढणारं वजन, मग विसावा, मग थोडं जास्त वजन, हा त्यातला हिशेब आहे. मजुरीत विसावा नसतो.

सायकलवाल्यांचं उदाहरण तर नाशिकनं देशाला दिलं. ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही कॅलिफोर्नियापासून पूर्व किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत. २०१५ मध्ये इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी, एक भूलतज्ज्ञ आणि एक दंतवैद्य, दोघांच्या संघात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिकला नेमणुकीवर असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ ती एकट्यानं पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. बारा दिवसांची मुदत होती, त्यांनी ती बाराव्या दिवशी गाठली. या शर्यतीत अनेकांची मान पडते, आणि हे शब्दशः घडतं. दिवसरात्र पुढे वाकून बसल्यानं मानेचे मागचे स्नायू इतके थकतात की डोकं उचलताच येत नाही. १९८३ मध्ये मायकेल शर्मर या स्पर्धकाला हा त्रास झाला, तेव्हापासून या त्रासाला त्याचंच नाव चिकटलं. पाय दमदार, हृदय उत्तम, आणि माणूस थांबतो तो मानेमुळे! सायकलस्वारानंही पाठीचा आणि मानेचा व्यायाम का करायचा, याचं उत्तर मागायला आणखी कुठे जावं लागत नाही.

मग करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना ताकदीचा. हा दुसरा भाग आपण सहसा गाळतो. तिशीनंतर व्यायाम नसेल तर दर दशकाला तीन ते आठ टक्के स्नायू कमी होतात, असा ढोबळ अंदाज सांगितला जातो. जिम हवीच असं नाही. बैठका आहेत, जोर आहेत. पायरीवर उभं राहून एक पाय सावकाश, तीन-चार आकडे मोजत खाली टेकवायचा, हा हरिहरसाठी माझ्या मते सर्वांत उपयोगी व्यायाम. जिन्यात उभं राहून टाचा उचलणं पोटऱ्यांसाठी. दांड्याला नुसतं लटकणं पकडीसाठी. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून जिना चढणं-उतरणं, दर आठवड्याला वजन थोडं वाढवत. शेवटच्या दोन-तीन आवृत्त्या जड गेल्या पाहिजेत. शंभर बैठका गप्पा मारत होत असतील तर त्या आता ताकद वाढवत नाहीत.

खाण्याबद्दल नाशिककराला काही सांगणं धाडसाचं आहे. इथे पहाटेचा ट्रेक मिसळीसाठीच काढलेला असतो, अशी शंका घ्यायला जागा आहे. मटकीची उसळ चांगलीच. तर्री आणि पावांच्या संख्येबद्दल मी मौन पाळतो. त्र्यंबक-पेठच्या पट्ट्यातली नागली पुन्हा शहरातल्या ताटात आली हे उत्तम झालं. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते हाडांना हवंच. पण प्रथिनं मात्र सातेक ग्रॅमच, म्हणून नुसत्या भाकरीवर स्नायू बांधले जात नाहीत. सोबत डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे लागतात. ताकदीचा व्यायाम करणाऱ्यानं वजनाच्या दर किलोला रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं घ्यावीत असं मानतात. साठ किलोच्या माणसाला ती ७२ ते ९६ ग्रॅम होतात. प्रथिनांच्या पावडरीच्या महागड्या डब्याआधी शेंगदाणे आणि फुटाणे आठवावेत. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात आणि ते सॅकच्या खिशात मावतात. झोपेची उणीव मात्र कशानंच भरून काढता येत नाही. शनिवारी रात्री दोनला निघून, गाडीत डुलक्या काढून, पहाटे कड्यावर हात घालणारे गट पाहिले की काळजी वाटते.

ताकदीनं सगळं सुटत नाही, हेही सांगून टाकतो. हिमालयात उंचीचा त्रास कमावलेल्या शरीरालाही होतो. तिथे इलाज एकच, सावकाश चढणं. आणि चाळिशीनंतर एकदम जोरात सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडून हृदय तपासून घ्यावं. चढावर छातीत दाटलं तर ते ‘गॅस’वर ढकलू नये.

 थंडी सुरू झाल्यापासून जानेवारीपर्यंत आठ-दहा आठवडे मिळतात, एवढ्यात पाय तयार होतात. जायचंच असेल तर बागलाणातला साल्हेर निवडा. १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ मध्ये याच्याच परिसरात मराठ्यांनी मोगलांना उघड्या मैदानावर हरवलं, आणि २०२५ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून गौरवलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत तो आहे. वाघांब्याहून साल्हेर-सालोट्याच्या खिंडीतून चढा, वर परशुरामाच्या मंदिरापर्यंत जा आणि साल्हेरवाडीच्या बाजूनं उतरा. अंगाला अत्तर नको, मधाच्या पोळ्यांजवळ धूर किंवा आरडाओरडा नको. मधमाश्या चिडल्या तर कुठलीही ताकद कामाला येत नाही. माणशी तीन लिटर पाणी न्या आणि दुपारी दोनच्या आत उतरायला लागा.