माजुली : प्रवाहातली भूमी आणि परंपरेचे स्थलांतर

आसामच्या वैष्णव परंपरेत श्रीमंत शंकरदेव (१४४९–१५६८) आणि माधवदेव यांच्या पहिल्या भेटीला 'मणिकांचन संयोग' असे म्हटले जाते. शाक्त मताचे अभिमानी असलेले माधवदेव वादासाठी आले आणि शिष्य होऊन राहिले, असे चरित्रग्रंथ सांगतात. ही भेट ज्या धुवाहाट-बेलगुरी येथे झाली ते स्थळ माजुली या नदीबेटावरचे. परंतु आज माजुलीस जाणाऱ्या अभ्यासकाला ते पाहता येत नाही. ब्रह्मपुत्रेने ते केव्हाच पोटात घेतले आहे. एखाद्या साहित्यपरंपरेचे आद्यस्थानच नाहीसे झाल्यावर ती परंपरा टिकते म्हणजे नेमके काय टिकते, हा प्रश्न यातून उद्भवतो. त्या प्रश्नाच्या अनुषंगाने माजुलीच्या निसर्गाचा आणि संस्कृतीचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

माजुलीच्या दक्षिणेस ब्रह्मपुत्रेचे मुख्य पात्र आहे, तर उत्तरेस सुबनसिरी नदी आणि खेरकटिया सूती हा ब्रह्मपुत्रेचा फाटा. अठराव्या शतकाच्या मध्यास आलेल्या महापुरानंतर नदीने दक्षिणेकडचे पात्र धरले आणि दोन प्रवाहांमधला हा भूभाग बेटरूप झाला, असे मानले जाते. १५ ऑगस्ट १९५० च्या भूकंपाने डोंगरांचे कडे कोसळले, गाळाने नदीचा तळ उंचावला आणि काठांची धूप वाढली. विसाव्या शतकाच्या आरंभी बाराशे चौरस कि.मी.हून अधिक सांगितले जाणारे बेटाचे क्षेत्रफळ आज त्याच्या निम्म्याहूनही कमी उरले आहे. 'चापरि' म्हणजे पात्रातील वाळूची बेटे हिशेबात धरावीत की नाही, यावर हा आकडा बदलतो. २०११ च्या जनगणनेनुसार येथे १,६७,३०४ लोक राहत होते. २०१६ मध्ये माजुलीला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. नदीबेटाचा असा हा देशातील पहिलाच जिल्हा होय.

जोरहाटजवळच्या निमाती घाटावरून बोटीने कमलाबारीकडे जाण्याचा मार्ग रूढ आहे. पाण्याची पातळी आणि काठ बदलतात तसे घाटही जागा बदलतात. त्यामुळे प्रवाशाला बेटाचा पहिला परिचय होतो तो या अस्थिरतेचाच. हिवाळ्यात पाणी ओसरते, वाळूचे पट्टे उघडे पडतात आणि 'बील' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पाणथळींवर पट्टकादंब हंसांसारखे स्थलांतरित पक्षी उतरतात. पूर ही येथे केवळ आपत्ती नव्हे. त्याच्या गाळावर भाताची शेती उभी असते आणि बिलांतील मासळीही त्याच पाण्यावर पोसली जाते. पूर ओसरल्यावर जमीन पुन्हा हाती येते. धूप झाली की ती कायमची जाते. बेटावरचे जीवन समजून घेताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

या भूमीवर वैष्णव 'सत्रे' उभी राहिली. सत्र म्हणजे केवळ मठ नव्हे. उपासना, अध्ययन, गायन, नृत्य आणि नाट्य यांना एकत्र धारण करणारी ती संस्था आहे. मध्यभागी नामघर, त्याला जोडून मणिकूट म्हणजे गर्भगृह आणि सभोवती 'हाटी' म्हणजे भक्तांच्या निवासांच्या रांगा, अशी तिची रचना असते. शंकरदेवांच्या एकशरण नामधर्मात मूर्तीऐवजी ग्रंथाला सिंहासन दिले जाते. औनीआटीसारख्या सत्रात गोविंदाची मूर्तीही आहे, तेव्हा सर्व सत्रांना एकच नियम लावता येत नाही. तरीही ग्रंथाचे केंद्रस्थान या परंपरेला एक विशेष सामर्थ्य देते, कारण ग्रंथ उचलून नेता येतो. परंपरेने माजुलीत ६५ सत्रांचा उल्लेख होतो. त्यांतील अनेक धुपीमुळे मुख्य भूमीवर हलवावी लागली. नाव, गुरुपरंपरा आणि ग्रंथ घेऊन सत्र दुसरीकडे नांदू लागते. अगरूच्या सालीपासून केलेल्या साँचीपातावरील पोथ्याही अशाच जपल्या गेल्या. तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीने परत दिल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. ब्रह्मपुत्रेच्या काठी मात्र नदी काही परत देईल, असा भरवसा नाही. पोथी माणसानेच वेळीच हलवायची असते.

तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने शंकरदेव आणि एकनाथ (१५३३–१५९९) यांची जोडी उद्बोधक ठरते. दोघांनीही भागवत लोकभाषेत आणले. दोघांनीही दशम स्कंधातील रुक्मिणीची कथा निवडली. एकनाथांचे 'रुक्मिणीस्वयंवर' हे ओवीबद्ध आख्यान जीवशिवाच्या ऐक्याचे रूपक उलगडते आणि महाराष्ट्रात त्याची पारायणे होतात. शंकरदेवांनी तीच कथा 'रुक्मिणीहरण' या अंकिया नाटात रंगभूमीवर आणली. तिची भाषा व्रजावली ही मैथिली आणि असमिया यांच्या मेळातून घडलेली काव्यभाषा आहे. सूत्रधार आरंभी येऊन निघून जात नाही. तो शेवटपर्यंत रंगमंचावर राहतो, श्लोक म्हणतो आणि प्रसंग उलगडून सांगतो. एकाच मूळ ग्रंथातून एकीकडे वाचनाची आणि दुसरीकडे प्रयोगाची परंपरा कशी निर्माण झाली, याचे उत्तर केवळ संहितांच्या तुलनेने मिळणार नाही. एकनाथांची भारुडे प्रयोगाकडेच झुकलेली आहेत, हे लक्षात घेतले तर 'महाराष्ट्रात वाचन, आसामात प्रयोग' अशी सोपी विभागणीही टिकत नाही.

अंकिया नाटाचा प्रयोग म्हणजे 'भाओना', आणि भाओनाला मुखवटे लागतात. सामागुरी सत्रात ही कला विशेष जोपासली गेली आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर चिखलात भिजवलेले कापड, मग माती आणि शेण यांचे लिंपण व शेवटी रंग, अशा क्रमाने पूतना, नरसिंह, रावण साकारतात. या कलेसाठी हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली; २०२४ मध्ये माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. सत्रांतून घडलेल्या सत्रीय नृत्याला संगीत नाटक अकादमीने २००० मध्ये शास्त्रीय नृत्याचा दर्जा दिला. जे नृत्य सत्रांत पुरुष भक्त करीत, ते आता सत्राबाहेर स्त्रियाही मोठ्या संख्येने करतात. या घडामोडींनी परंपरेचे क्षेत्र विस्तारले, यात शंका नाही.

तथापि माजुली म्हणजे केवळ सत्रे, असे समजणे एकांगी ठरेल. बेटावरील मिसिंग समाज मोठा आहे. त्याची भाषा तिबेटी-ब्रह्मी कुळातली. खांबांवर उभारलेली 'चांग घर' पुराचे पाणी खालून जाऊ देतात. फाल्गुनातील पहिल्या बुधवारी 'आलि-आये-लिगांग' हा पेरणीचा सण साजरा होतो. 'ऐ-नितम' ही प्रेमगीते मौखिक परंपरेतून चालत आली आहेत. सालमोराचे कुंभार चाकाशिवाय, हाताने थोपटून भांडी घडवतात आणि वाहून आलेल्या लाकडावर ती भाजतात. ग्रंथकेंद्री सत्र, मौखिक गीत आणि मातीचे हस्तकौशल्य ही तिन्ही एकाच पुराच्या छायेत नांदतात. त्यांतील लिखित तेवढेच साहित्य मानणारा अभ्यास या बेटावर अपुरा पडतो.

येथे आरंभीच्या प्रश्नाकडे परतावे लागते. माजुलीच्या संस्कृतीत जे हलवता येते ते टिकण्याची शक्यता अधिक: पोथी, नाम, नृत्याची तालीम, मुखवट्याचे कसब. परंतु सालमोराची माती, मिसिंग कुटुंबाचे शेत, बील आणि भाओनासाठी रात्रभर जागणारा गावचा प्रेक्षक ही हलवता येणारी सामग्री नव्हे. गाव उठले की कुटुंबे पांगतात आणि प्रयोग ज्यांच्यासाठी होता तो समुदायच विरतो. नृत्य राष्ट्रीय मंचावर पोहोचते, मुखवटा संग्रहालयात स्थिरावतो. ते ज्या वस्तीच्या सामायिक उपासनेचे अंग होते, ती वस्ती मागे राहिलेली असेलच असे नाही. संहितेचे जतन आणि परंपरेचे जगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. म्हणूनच माजुलीला भेट देणाऱ्या अभ्यासकाने नामघरातील प्रयोग पाहावाच. पण त्याबरोबर प्रेक्षकांत कोण बसले आहे, त्यांचे शेत कोठे आहे आणि गेल्या पिढीत त्यांचे घर किती वेळा हलले, हेही विचारावे. धुवाहाटची भूमी गेली, तरी तिथल्या भेटीची कथा नामघरात सांगितली जाते. ती ऐकणारे गाव नदीकाठी राहावे, यासाठी मात्र श्रद्धेपेक्षा धूप थांबवण्याच्या प्रयत्नांची गरज अधिक आहे.