डिग्री बर्लिनची, टेबल रजिस्ट्रारचं

‘एवढं शिकून शेवटी ऑफिसात फायलीच हलवणार का?’ आर्ट्‌सला असाल तर हा प्रश्न तुम्ही एकदा तरी ऐकलाच असेल. मास कॉम करून इंटर्न झाले आणि पहिले काही दिवस नुसत्या प्रेसनोट्स टाइप केल्या, तेव्हा मीही ऐकला. पुढच्या वेळी कोणी विचारलं, तर त्यांना इरावती कर्वेंबद्दल सांगा.

‘युगान्त’वाल्या इरावतीबाई तुम्हाला माहीत असतील. महाभारतातल्या पात्रांकडे माणसं म्हणून बघणाऱ्या या पुस्तकाला १९६८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुण्यात बायका स्कूटरवर क्वचितच दिसायच्या, तेव्हा त्या स्कूटर चालवायच्या, हेही ऐकलं असेल. पण मधली काही वर्षं आपण विसरतो.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञानात बी.ए., मुंबईत डॉ. घुर्ये यांच्याकडे समाजशास्त्रात एम.ए. आणि मग थेट बर्लिन. तिथले त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. मानवी कवटीची ठेवण आणि वंश यांचा संबंध आहे, असा त्यांचा दावा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि असा संबंध दिसत नाही, असं प्रबंधात लिहिलं. गुरूच्या विरोधात, तेही परक्या देशात! विचार करा, आपण गाइडसमोर किती बोलतो?

डॉक्टरेट घेऊन परत आल्यावर काय मिळालं? १९३१ ते १९३६ एसएनडीटी विद्यापीठाचं रजिस्ट्रारपद. म्हणजे प्रवेश, परीक्षा, निकाल, पदव्यांच्या नोंदी. ‘सासऱ्यांचंच विद्यापीठ होतं की,’ असं तुम्ही म्हणाल. खरंय, महर्षी कर्व्यांनीच ते १९१६ मध्ये सुरू केलं. पण त्याला कायद्याने मान्यता मिळाली १९५१ मध्ये. तोपर्यंत तिथल्या मुलींच्या डिग्रीची पत टिकवायची ती विद्यापीठाने स्वतःच्या चोख कारभारावर. असं काम बिनमहत्त्वाचं कसं म्हणायचं?

तोवर पुण्याचं डेक्कन कॉलेज बंद पडलं होतं. १९३९ मध्ये ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडलं आणि इरावतीबाईंना हवं होतं ते काम मिळालं. पुढे तिथला समाजशास्त्र-मानवशास्त्र विभाग त्यांनीच सांभाळला. नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५३ चा. कोयना धरणामुळे उठलेल्या गावांची पाहणीही त्यांनी केली. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या गेल्या.

फायलींमुळे त्या मोठ्या झाल्या, असं मी म्हणत नाही. त्या पाच वर्षांत त्यांचं मन किती रमलं असेल, कोण जाणे. पण ती वर्षं त्यांच्यातल्या संशोधकाला संपवू शकली नाहीत, एवढं नक्की.

तुमची पहिली नोकरी डिग्रीशी जुळली नाही, तर लगेच ‘वाया गेलो’ म्हणू नका. आणि आज लायब्ररीत ‘परिपूर्ती’ मागा. त्यातला ‘वाटचाल’ हा वारीवरचा लेख वाचा. एकच अभंग गाणारे वारकरी जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळे बसतात, हे त्यांना किती टोचलं ते कळेल. कार्ड ऑफिसात अडकलं असेल, तर रांगेत उभे राहा. खिडकीपलीकडच्या मॅडमना एकदा विचारून बघा, त्यांचा एम.ए.चा विषय कोणता होता.