पानें पिवळीं पडतात तेव्हां

कुंडींतील जास्वंद, मोगरा किंवा अनंत पिवळा पडूं लागला म्हणजे घरांतील मंडळी बहुधा दोनच उपाय करतात : तांब्याभर पाणी अधिक घालतात, नाहींतर मूठभर खत टाकतात. पिवळेपणा म्हणजे उपासमार, ही सर्वांची समजूत. बारामती-इंदापूरच्या टापूंत ती अनेकदां झाडाच्या जिवावर बेतते. कारण येथें झाड पुष्कळदां भरल्या ताटापाशीं उपाशी असतें.

कऱ्हा-नीरेच्या या पर्जन्यछायेच्या प्रदेशांत पाऊस थोडा, त्यामुळें मातींतील चुना धुऊन जात नाहीं. मातींत लोह असतें, परंतु चुन्याच्या योगानें तें विरघळत नाहीं, आणि न विरघळलेलें मुळांना शोषतां येत नाहीं. लोहावांचून पानांत हरितद्रव्य तयार होत नाहीं. ऊस असा फिकट पडला म्हणजे शेतकरी त्यास 'केवडा' म्हणतात. कुंडींतला केवडाही तोच.

तेव्हां उपायापूर्वीं निदान करावें. प्रथम मातींत बोटाचीं दोन पेरें खुपसून पाहावीं. माती सदैव ओली असेल तर मुळें गुदमरलीं आहेत. पाणी थांबवावें व कुंडीच्या बुडाचें छिद्र मोकळें करावें. खालचीं जुनीं पानें सरसकट पिवळीं असतील तर नत्र कमी. कुजलेलें शेणखत द्यावें. पानांवर बारीक ठिपके व मागें जाळी दिसल्यास तो कोळी. पानें खालून पाण्यानें धुवावीं. परंतु शेंड्याचीं कोवळीं पानें पिवळीं आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असें दिसलें तर लोहाचीच उणीव समजावी. चिमूटभर कोरड्या मातीवर शिरका टाकावा. बुडबुडे आले तर चुना आहेच.

येथें खतानें गुण येत नाहीं. हिराकस मातींत घातल्यास तोही चुना अडकवून ठेवतो. म्हणून तो पानांवाटे द्यावा. एक लिटर पाण्यांत ५ ग्रॅम हिरवट हिराकस व १ ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून सायंकाळीं फवारावें. तांबूस झालेला हिराकस घेऊं नये. प्रथम एकाच फांदीवर फवारावें. आठ-दहा दिवसांत ती हिरवी झाली तर निदान खरें. लोहक्षारानें पिवळीं पानें हिरवीं होतात, हें ग्रीस या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८४३ च्या सुमारास दाखवून दिलें होतें.

तथापि फवारा हा तात्पुरता उतारा होय. विहिरीचें जड पाणी रोज नवा चुना आणीत असतें, आणि कुंडीच्या कांठावर जमणारा पांढरा थर ही त्याचीच खूण. यासाठीं पावसाळ्यांत पागोळ्यांचें पाणी सांठवून अनंतासारख्या नाजूक झाडांस द्यावें, व दोन वर्षांनीं चुनखडी नसलेल्या मातींत कुंडी नव्यानें भरावी.

नीरा कालव्याच्या कांठीं पाण्याच्या अतिरेकानें कितीएक चांगल्या जमिनी चोपण झाल्या. कुंडी हें त्याच शेताचें लहान रूप आहे. झाडावर माया करणाऱ्यानें तांब्या उचलण्यापूर्वीं पान निरखावें, एवढीच विनंती.